फाटकाच्या अलीकडे

आमच्या घरात आधी छापत आणि मग बोलत. अमरावतीच्या राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या पाट्यांनी झाकून गेलेल्या एका इमारतीच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबांचं छपाईयंत्र राहायचं आणि मागच्या खोलीत आम्ही तिघं. पायाने दाबायचं ते जुनं ट्रेडल यंत्र सुरू झालं की फळीवरची भांडी एका तालात थरथरायची. त्या आवाजात आईला दुपारची झोप लागायची आणि तो थांबला की ती दचकून उठायची. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर घर चालायचं आणि उरलेल्या शाईत पत्रकं निघायची. नळाला पाणी आलं नाही, पत्रक. कॉलेजची फी वाढली, पत्रक. आईने एकदा बाबांशी चार दिवस अबोला धरला, तेव्हा पाचव्या दिवशी बाबांनी घरकामाच्या मोलावर पत्रक काढलं आणि पहिली प्रत तिला दिली. तिने ती पोळ्यांच्या डब्यात तळाशी अंथरली. बिघडलेल्या प्रतींवर आम्ही पोहे खायचो, त्यामुळे मला वाचता आलेला पहिला शब्द 'निषेध' होता. 'बदक' खूप नंतर आलं. माझं नावही बाबांनी शीर्षकासारखंच ठेवलं, समता. शाळेत मुलं 'समता, अर्धा डबा दे' म्हणायची आणि मी द्यायचे. तत्त्वाचा प्रश्न होता.

चौतिसाव्या वर्षी मी आत्मकथन लिहायला घेतलं हे कळल्यावर आई म्हणाली, "इतक्यात संपलं का वं तुह्यं?" तिचं म्हणणं बरोबर आहे. पण हे प्रकरण लवकर लिहून टाकलेलं बरं, कारण त्यात मी ज्या माणसाचं नुकसान केलं तो अजून हयात आहे आणि वाचून मला चार शब्द सुनावू शकतो.

बाबांचा घरात नियम एकच होता. पत्रकात चूक गेली तर दुरुस्ती छापायची. जितक्या प्रतींत चूक गेली तितक्याच प्रतींत छापायची आणि जिथे जिथे चूक वाटली तिथे स्वतः जाऊन दुरुस्ती वाटायची. एकदा सभेचा वार चुकला, तर सभा होऊन गेल्यावरही बाबा पाचशे दुरुस्त्या घेऊन गल्लोगल्ली फिरले होते. लोक विचारत, "आता कायले?" बाबा म्हणत, "आधी खोटं सांगतलं होतं म्हणून." लहानपणी मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. हा नियम मलाही लागू आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी वीस वर्षांची होते. खांद्याला झोळी, केस कापलेले, वादविवाद स्पर्धेत दोन ढाली. आमच्यापासून तीन घरं सोडून वानखडे सर राहायचे, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरही त्यांच्या गळ्यात शिटी असायची आणि रिक्षा आडवी आली की ते ती वाजवायचे. एक दिवस ते प्रेसमध्ये आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिता. शर्यतीचा इतिहास लिहून द्या, स्मरणिकेला." शर्यत म्हणजे देशातली एक मोठी सायकल शर्यत. ठिकठिकाणचे सायकलपटू आठ-दहा दिवस रोज एका शहरातून दुसऱ्या शहरात सायकल मारत जायचे आणि रोजच्या वेळांची बेरीज होऊन शेवटी विजेता ठरायचा. त्यातला एक टप्पा अकोला ते अमरावती असे. मध्यंतरी बरीच वर्षं ती बंद होती. आता पुन्हा सुरू व्हायची होती आणि अमरावतीच्या समितीचे सर चिटणीस होते.

त्यांनी माझ्यापुढे लोखंडी पेटी उघडली. आत वेळांचे तक्ते होते, घामाने चिकटलेले कापडी नंबर होते, फोटो होते. फोटोतली पोरं खांद्यावर आडवे टायर अडकवून उभी होती, कारण पंक्चर झालं की ज्याचं त्याने काढायचं, ज्याचं त्याने बसवायचं. सर सांगत गेले. ही पोरं शाळांच्या वर्गांत बाकं सरकवून झोपायची, हातपंपावर कपडे धुवायची आणि ओलेच घालून पहाटे निघायची. कोणी तारेने घरी निकाल कळवायचं, कोणी कळवायचंच नाही. पंजाबकडच्या एकाने आपल्याकडच्या ज्वारीच्या भाकरीला घाबरून तीन दिवस फक्त केळी खाल्ली आणि चौथ्या दिवशी टप्पा जिंकला, मग सगळ्यांनीच केळी खायला सुरुवात केली आणि अकोल्याच्या बाजारात केळी मिळेनात. सोन्यासारखा माल होता. मी त्यातलं काहीही घेतलं नाही. मी पहिला मसुदा लिहिला तो 'दोन चाकांमधील विषमता' या नावाने, आणि त्यात गिरण्या, जमीनधारणा आणि भांडवलाचं केंद्रीकरण हे सगळं आलं होतं. सरांनी तो चष्मा लावून, काढून, परत लावून वाचला आणि म्हणाले, "यात सायकल कुठं आहे, बाई?"

खरं म्हणजे माझ्या मनात एकच सायकल होती, गुणवंतमामाची. मामा आईचा धाकटा भाऊ, तेल्हाऱ्याचा. आजोळ माळ्यांचं. वांगी, मेथी, कोथिंबीर, झेंडू. मामा तरुणपणी भाजीची पोती मागे बांधून साध्या काळ्या सायकलवर अकोटच्या बाजाराला जायचा आणि मोटारीच्या आधी पोचायचा, असं सगळे सांगत. त्या काळी शर्यतीत गावच्या मुलांना एका टप्प्यापुरतं उतरता यायचं. मामा अकोला-अमरावती टप्प्याला उतरला. मुर्तिजापुरात तो सगळ्या देशाच्या पुढे होता, हे पाहणारी माणसं होती. आणि मग बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकाने घात केला. मोठ्या संघांची पोरं यायच्या बेतात होती, म्हणून मामापुढे फाटक पाडलं आणि त्यांच्यासाठी उघडलं. तेल्हाऱ्यात ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की फाटक पडतानाचा आवाज मला ऐकू यायचा. मामीच्या वडिलांनी मुलगी दिली ती याच गोष्टीवर. "देशात पह्यला आला असता, पण गरिबाचं पोरगं," असं ते म्हणत. बाजारात मामाच्या दुकानासमोर लोक अजून त्याला 'चॅम्पियन' म्हणून हाक मारत आणि मामा मेथीची जुडी झटकत खाली बघून हसायचा. तो विनय आहे असं मी समजत होते.

आणि सरांच्या पेटीत मला त्या टप्प्याचा तक्ता मिळाला. मामाचं नाव होतं आणि त्यावर लाल रेघ होती.

"ही रेघ कोणी मारली?" मी विचारलं.

"मीच मारली. तो आलाच नाही."

"आलाच नाही, की येऊ दिला नाही?"

सरांनी चष्मा काढला. "बाई, मी शेवटच्या रेषेवर उभा होतो. आले त्यांची वेळ लिहिली, नाही आले त्यांच्यावर रेघ मारली. मधलं मला काय माहीत?"

मला मधलं सगळं माहीत होतं. त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं, 'फाटक कोणासाठी पडलं?' तक्त्यात सुटण्याच्या वेळेचा एक रकाना होता, तो मी पाहिला नाही, कारण पत्रक मनात आधीच तयार होतं. मी लिहिलं की हा श्रमिकाच्या घामावर मारलेला लाल फराटा आहे. मी लिहिलं की बडनेऱ्याचा फाटकवाला विकला गेला होता. नाव लिहिलं नाही, कारण मला ते ठाऊक नव्हतं. बाबांनी छपाईचे खिळे जुळवता जुळवता विचारलं, "मामाले इचारलं का?" मी म्हटलं, "पीडिताला साक्ष द्यायला लावणं हाही अन्यायच असतो." बाबांना वाक्य आवडलं. बाबांनाही अशीच वाक्यं आवडायची. आम्ही हजार प्रती काढल्या. मी राजापेठेत वाटल्या, बडनेऱ्यात वाटल्या, अकोल्याच्या बसस्थानकावर वाटल्या आणि उरलेल्या बसच्या ड्रायव्हरकडे तेल्हाऱ्याला धाडल्या. आठवड्यात समितीने ठरवलं की शर्यत अमरावतीला येईल त्या दिवशी गुणवंतरावांना व्यासपीठावर बोलावून शाल द्यायची. मी घरी आले आणि आईला म्हटलं, "बघ, छापल्याने होतं." मामाला फोन केला. तो म्हणाला, "शाल कायले पायजे, बाई? उन्हाळा हाय."

तिसऱ्या दिवशी प्रेसच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. धुतलेलं धोतर, हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं. त्याने चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, "हे कोणं लिवलं?"

"मी," मी म्हटलं. मला वाटलं अभिनंदनाला आला.

"मी महादेव. बडनेऱ्याच्या फाटकावर मीच होतो, नोकरी लागल्यापासून सुटेपर्यंत." त्याने पत्रक टेबलावर ठेवून घड्या उघडल्या, हाताने सपाट केलं. "ताई, मले कोणं इकत घेतलं, तेवढं सांगा. माह्या नातवानं शाळेतून आणलं हे. तो मले इचारून राह्यला."

बाबांनी यंत्र थांबवलं. मागच्या खोलीतून आई उठून आली. मी म्हटलं की व्यवस्था माणसाला नकळत विकत घेते. महादेवराव म्हणाले, "तसं असंन. पण त्या दिवशी फाटक मेलगाडीसाठी पडलं होतं. सगळे पोट्टे उभे होते, मोठे संघबी. म्या सगळ्याईले माठातलं पाणी पाजलं. तुमचा मामा त्यात नव्हता."

"तो सगळ्यांच्या पुढे होता."

"पुढंबी नव्हता, मांगंबी नव्हता. तो माह्या फाटकापर्यंत आलाच नाई, ताई."

आईने त्यांना चहा दिला. त्यांनी तो संपवला, कपबशी बाजूला सारली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "वार्डातले लोक इचारतेत, कितीले इकला गेला. हसून इचारतेत, पण इचारतेत." एवढं सांगून ते चपला घालून गेले.  संध्याकाळपर्यंत बाबांनी हजार कोरे कागद मोजून, कापून, माझ्या उशीशेजारी आणून ठेवले.

मी सरांकडे जाऊन तक्ता पुन्हा पाहिला. सुटण्याचा रकाना होता तिथेच होता. गावच्या मुलांना मोठ्या संघांच्या पाऊण तास आधी सोडलं होतं, वाटेत गर्दी नको म्हणून. मुर्तिजापुरात मामा सगळ्या देशाच्या पुढे होता, यात काही खोटं नव्हतं. देश अजून मागे यायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी तेल्हाऱ्याला गेले. मामा मळ्यात बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. मामी घरी होती. मी महादेवरावांचं सगळं सांगितलं. त्याने हातातली जुडी पूर्ण बांधली, सुतळी दाताने तोडली.

"पाणी प्याले थांबलो होतो," तो म्हणाला. "मुर्तिजापूर सुटल्यावर एका गावात. रस्त्याच्या बाजूले मांडव होता, लगन होतं. एक जण म्हने, कोणच्या गावचा? म्या म्हनलं, तेल्हाऱ्याचा. तं म्हने, नवरदेवाची मावशी तेल्हाऱ्यात देल्ली हाय. बस झालं. ओयख निघाली."

"मग?"

"मंग काय? पंगत बसत होती. म्हने, दोन घास खाऊन जा. म्या मांगं पाह्यलं तं रस्त्यावर कोणीच नव्हतं. म्हनलं आपून लय पुढं हाव. बसलो."

"मामा, शर्यत होती ती."

"मले मालूम हाय शर्यत होती. पण ते दोन घास राह्यतेत का? आलू-वांगं, पोयी, वरण, बुंदी. वाढपे आग्रह करून राह्यले. अन् माह्या बाजूले एक बुढा होता, त्याले दात नव्हते. पंगतीतून मधातच कसं उठतं माणूस? बुढ्याचं होईपर्यंत बसनं भाग होतं." त्याने दुसरी जुडी घेतली. "तो बुंदीचा एक एक दाना खाये. तितक्यात ते सगळे गेले रस्त्यानं. शिट्या गिट्या वाजवत. मांडवातले लोक टाया वाजवून राह्यले होते."

"आणि तू?"

"म्याबी वाजवल्या."

मला हसू आलं, तो हसत नव्हता म्हणून मी ते गिळलं. तो म्हणाला, अमरावतीला तो सायकलनेच पोचला, दिवस मावळताना, कोणाच्या ट्रकला हात न लावता. तोवर शेवटच्या रेषेवरची कमान उतरवून झाली होती. जेवायला बसलो होतो असं घरी सांगायची लाज वाटली, म्हणून फाटक सांगितलं. एकदाच सांगितलं, बाकीचं लोकांनी वाढवलं. "अन् म्या म्हनलं होतं फाटक पडलं. पाडलं असं म्या कधीच म्हनलो नाई. ते तुह्या आजानं केलं. इकलं गेलं ते तू केलं."

मी नियम सांगितला. हजार प्रती, सगळ्या ठिकाणी, तेल्हाऱ्यातही. मामाचा हात थांबला. "बडनेऱ्यात वाट, अमरावतीत वाट, अकोल्यात वाट. इथं नको. शाल गेली तं जाऊ दे. पण तुह्या मामीले मालूम नाई. तिच्या बापानं त्याच्यावर पोरगी देल्ली."

आजची मी असते तर म्हटलं असतं, बरं. तेव्हा मी झोळीतून वही काढली.

मळ्यातच बसून मी दुरुस्तीचे चार मसुदे केले. एकात 'ऐतिहासिक परिस्थितीचे आकलन अपुरे राहिल्याने' असं होतं. दुसऱ्यात 'सामूहिक भोजनाच्या ग्रामीण परंपरेचा दबाव'. चारही वाचून दाखवले. मामा ऐकत होता आणि जुड्यांचा ढीग वाढत होता. चौथ्यानंतर तो म्हणाला, "त्या फाटकवाल्याचा नातू केवढा हाय?"

"पाचवीत असेल."

"त्याले समजन असं लिव. लिव, फाटकवाल्याची काही चूक नाई. मी जेवाले बसलो होतो. खाली माह्यं नाव टाक." मग नवी जुडी घेऊन, "मामीले मी सांगतो. बाजाराच्या दिवसापर्यंत टाइम दे."

मी 'आणि हे खोटे पत्रक विचारपूस न करता समताने लिहिले' एवढं एक वाक्य जोडलं. बाबांनी मजकूर पाहिला. त्यांच्या यंत्रातून निघालेलं ते सगळ्यात छोटं पत्रक होतं. खिळे जुळवायला त्यांना पाच मिनिटं लागली आणि मग ते त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. तेल्हारा सोडून सगळीकडे मी ते वाटलं आणि समितीने शालीचा बेत रद्द केला, तेही दोन ओळींच्या पत्राने. सर स्वतः पत्र घेऊन आले आणि देताना म्हणाले, "टप्पा पूर्ण करणाऱ्यांनाच बोलावतो आम्ही, बाई. तसा त्याने पूर्ण केला. पण कमान उतरल्यावर केला."

बाजाराच्या दिवशी मी गठ्ठा घेऊन तेल्हाऱ्यात उतरले. मामा-मामी दुकान मांडून बसले होते. मी मामाकडे पाहिलं आणि त्याने मान हलवली, सांगितलं नव्हतं. मी गठ्ठा परत झोळीत सारत होते, तेवढ्यात मामीने हात पुढे केला. "नवं का? आण इकडं." ती चौथीपर्यंत शिकलेली, ओठ हलवत वाचायची. तीन वाक्यं होती. तिने ती दोनदा वाचली. समोर एक बाई वांग्याचा भाव विचारत होती, तिला मामीने वांगी दिली, मोड दिली आणि मग नवऱ्याकडे वळली.

"निदान मले तं पह्यलेच सांगाचं," ती म्हणाली. "लगन झाल्यापासून अमरावतीले जातांना बडनेरा आलं का मी त्या माणसाच्या नावानं बोटं मोडतो. येतांनाबी मोडतो. पोराईलेबी शिकवलं म्या. आता ते सगळे शाप कुठं ठेवू मी?"

 मी म्हटलं, "मामी, शाप वगैरे काही लागत नसतात."

"तू चूप बस," मामी म्हणाली. "तू लय लिवलं."

दोन दिवस ती मामाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक पाटी भाजी भरली, नवीन लुगडं नेसली आणि मामाला म्हणाली, "चाला." तो नेमका शर्यतीचा दिवस होता. अकोल्याहून निघालेले सायकलपटू दुपारी अमरावतीला पोचणार होते आणि मला स्मरणिकेचं शेवटचं पान त्यावरच लिहायचं होतं. मी बडनेऱ्याला त्यांना जाऊन मिळाले. फाटक आता राहिलं नव्हतं, वरून पूल गेला होता. महादेवरावांचं घर तिथेच, रस्त्याला लागून.

मामीने पाटी ओट्यावर ठेवली. "भाऊ, म्या तुमाले लय शिव्या देल्या," ती उभ्यानेच म्हणाली.

महादेवराव गोंधळले. "कधी?"

"अमरावतीले जातांना. अन् येतांना."

त्यांनी थोडा विचार केला. "मले काई झालं नाई त्यानं," ते म्हणाले. "गुडघे दुखतेत, पण ते वयानं." मग मामाकडे पाहिलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. मामा म्हणाला, "नाव तुमचं खराब झालं." महादेवराव म्हणाले, "आता तं माह्या नातवाले तुमचंच पत्रक पाठ हाय. जेवून जा."

मामाने मामीकडे पाहिलं. मामी पदराने तोंड पुसत होती. तो बसला.

आम्ही जेवत असताना बाहेर शिट्या सुरू झाल्या, मोटारसायकली गेल्या, कोणीतरी 'आले, आले' ओरडलं. मी हात न धुता पळाले. मामी पळाली, नातू पळाला, घरातल्या बायका पळाल्या. रंगीत कपड्यांचा एक झोत डोळ्यांसमोरून गेला, साखळ्यांचा आवाज, वारा, आणि रस्ता रिकामा. मला वाटलं होतं त्या क्षणी काहीतरी मोठं सुचेल. मी तोंड उघडं ठेवून उभी होते.

आत आले तेव्हा मामा पाटावरच होता. महादेवरावांचा भात अजून खाऊन व्हायचा होता.

"गेले का?" मामाने विचारलं.

"गेले."

"किती जण होते?"

मी मोजले नव्हते.

"वा बाई," मामा म्हणाला, "इतिहास लिवून राह्यली अन् मोजले नाई." आणि त्याने वरणासाठी वाटी पुढे केली.